घरच्या पोकरमध्ये नशिबाला किती जागा द्यावी

घरी पोकरचा डाव बसला की एक तक्रार हमखास ऐकू येते: “मी बरोबर खेळलो, तरी हरलो.” तक्रार करणारा बहुतेक वेळा खरेच बोलत असतो. एक्क्यांची जोडी हातात आल्यावर त्याने फ्लॉपच्या, म्हणजे टेबलावर पहिले तीन सामाईक पत्ते उघडण्याच्या, आधीच सगळ्या चिप्स पुढे सारलेल्या असतात, समोरच्याने राजांच्या जोडीवर कॉल केलेला, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावलेल्या असतात आणि रिव्हरला, म्हणजे शेवटच्या सामाईक पत्त्याला, तिसरा राजा उघडलेला असतो. या गाठीत एक्केवाला सुमारे ८२ टक्के वेळा जिंकतो. पाच-सहा वेळांतून एकदा तो हरणारच, आणि ती वेळ नेमकी आज आली, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे बरीच वर्षे ठरलेल्या मंडळींचा डाव बसतो आणि यजमान या नात्याने नियम ठरवण्याचे काम माझ्याकडे असते. त्यामुळे ही तक्रार ऐकली की मी पत्त्यांपेक्षा आमच्या नियमांचा विचार जास्त करतो. खेळात नशीब किती आणि कौशल्य किती, हे प्रमाण पोकरमध्ये कायमचे ठरलेले नसते. चिप्स किती वाटल्या, ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधीच दोघांना सक्तीने लावाव्या लागणाऱ्या चिप्स) किती वेगाने वाढवले, टेबलाभोवती किती जण बसवले आणि कोणता प्रकार खेळायला घेतला, यांवर ते बरेच अवलंबून असते, आणि या चारही गोष्टी यजमानाच्या हातातल्या आहेत.

आधी एका रात्रीत कौशल्य किती दिसते, ते पाहू. पत्ते हाताने पिसायचे, वाटायचे, मध्येच गप्पा रंगायच्या, अशा टेबलावर तासाला पंचवीसेक डाव होतात. चार तासांत शंभर. पोकरमधली कमाई साधारणपणे दर शंभर डावांमागे किती बिग ब्लाइंड, म्हणजे दोन ब्लाइंडपैकी मोठा, अशी मोजतात. नो-लिमिट होल्डेममध्ये, म्हणजे हातात दोन आणि टेबलावर पाच सामाईक पत्ते असलेल्या व बोलीला मर्यादा नसलेल्या प्रकारात, इतरांपेक्षा स्पष्टपणे सरस असलेल्या खेळाडूला शंभर डावांमागे सरासरी दहा बिग ब्लाइंडची आघाडी मिळते असे धरू. पण याच शंभर डावांतला चढउतार, ज्याला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात, तो नव्वद बिग ब्लाइंडच्या आसपास असतो. दहाची आघाडी आणि नव्वदचे हेलकावे यांचा हिशेब मांडला, तर हा सरस खेळाडू एका रात्री फायद्यात राहण्याची शक्यता ५४ टक्के निघते. दहा रात्रींचा एकत्रित हिशेब केला, तरी ती ६४ टक्क्यांच्या पुढे जात नाही. म्हणजे टेबलावरचा सर्वांत जाणकार माणूस दहा बैठकांनंतरही तोट्यात असण्याची शक्यता एक तृतीयांशाहून अधिक आहे. “त्याला काही कळत नाही, तरी तोच जिंकतो,” असे कोणी कोणाबद्दल म्हणू लागले की मी हे आकडे पुढे करतो. अर्थात त्याने कोणाचे समाधान होत नाही.

नशिबाचा गोंगाट पार करून कौशल्य दिसायला किती डाव लागतात, याचा चांगला दाखला जानेवारी २०१७ मध्ये मिळाला. कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेला ‘लिब्राटस’ हा संगणक-कार्यक्रम पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध एकास एक पद्धतीने नो-लिमिट होल्डेम खेळला. त्यासाठी वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळवले गेले, आणि शिवाय नशिबाचा वाटा कमी व्हावा म्हणून एका खेळाडूला जे पत्ते मिळाले तेच दुसऱ्या खेळाडूच्या सामन्यात यंत्राला मिळतील, अशी उलटापालटीची व्यवस्था केलेली होती. एवढा खटाटोप केल्यावर यंत्राचे वर्चस्व निर्विवाद मानता आले. आठवड्यातून एकदा चार तास बसणाऱ्या आणि तासाला पंचवीस डाव खेळणाऱ्या घरगुती मंडळाला तेवढे डाव संपवायला तेवीस वर्षे लागतील. तेव्हा आपल्यात सर्वोत्तम कोण, याचा निकाल घरच्या टेबलावर लागेल ही आशा सोडून दिलेली बरी. तो निकाल लागत नाही म्हणूनच तर पुढच्या वेळी सगळे पुन्हा येतात.

हे मी गमतीने म्हणत नाही. बुद्धिबळात बलवान खेळाडूशी दर आठवड्याला हरणारा माणूस काही आठवड्यांनी काहीतरी कारण सांगून येईनासा होतो. पोकरमध्ये नवख्यालाही अधूनमधून जिंकता येते, आणि ती जीत खोटी नसते. २००३ साली लास व्हेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेत ८३९ जण उतरले होते, ती जिंकली ख्रिस मनीमेकर या हौशी खेळाडूने, जो पेशाने हिशेबनीस होता आणि इंटरनेटवरच्या अल्प प्रवेशशुल्काच्या पात्रता-फेरीतून तिथवर पोहोचला होता. त्याने पंचवीस लाख डॉलर नेले. २००६ मध्ये त्याच स्पर्धेत ८,७७३ खेळाडू होते. इंटरनेट आणि दूरचित्रवाणी ही त्यामागची कारणे होतीच, पण आपल्यासारखा कोणीतरी तिथे जिंकू शकतो, हे लोकांनी पाहिले होते. केवळ कौशल्याचा खेळ असता, तर ही गर्दी जमली नसती.

आता यजमानाच्या हातातल्या गोष्टींकडे वळतो. माझ्या मते सर्वांत प्रभावी गोष्ट म्हणजे सुरुवातीच्या चिप्स आणि बिग ब्लाइंड यांचे गुणोत्तर, आणि घरच्या टेबलांवर नेमके याकडेच सर्वांत कमी लक्ष असते. प्रत्येकाकडे वीस बिग ब्लाइंडइतक्याच चिप्स असतील, तर बहुतेक निर्णय फ्लॉपच्या आधीच होतात: एक तर पत्ते टाकायचे किंवा सगळे लावायचे. नंतर पाच पत्ते उघडेपर्यंत बघत बसायचे. इथे नवख्याला भरपूर संधी असते. होल्डेममधले सर्वांत वाईट समजले जाणारे, वेगवेगळ्या रंगांचे सत्ती-दुर्री सुद्धा एक्का-राजाविरुद्ध शेवटपर्यंत गेल्यास तीनांतून जवळजवळ एकदा जिंकते. याउलट दोनशे बिग ब्लाइंड वाटले, तर फ्लॉप, टर्न (चौथा सामाईक पत्ता) आणि रिव्हर या तिन्ही टप्प्यांवर खऱ्या अर्थाने बोली लागते, प्रत्येक टप्प्यावरची चूक आधीच्या चुकीवर चढत जाते, आणि एकाच जोडीवर जीव टाकणाऱ्या नवख्याच्या सगळ्या चिप्स एका डावात जाऊ शकतात. तेव्हा तो दुर्दैवाने हरला असे त्याला वाटते; पण त्याला हरवलेले असते चिप्सच्या खोलीने, म्हणजे ब्लाइंडच्या मानाने त्या किती आहेत याने. पुस्तके आणि व्यावसायिक खेळाडू शंभर बिग ब्लाइंड हे प्रमाण गृहीत धरतात, आणि सगळे सारख्या तयारीचे असतील तर ते उत्तमच आहे. पण टेबलावर दोन जण अभ्यास करून आलेले, तीन जण अनुभवाने खेळणारे आणि दोन जण केवळ सोबतीसाठी बसलेले असतील, तर मी पन्नास-साठ बिग ब्लाइंड वाटतो. त्यात ब्लफ करायला (कमजोर पत्त्यांवर मोठी बोली लावून समोरच्याला पत्ते टाकायला लावायला) आणि फ्लॉपनंतर विचार करायला पुरेशी जागा राहते, आणि एक मोठी चूक झाली तरी नुकसान आवाक्यात राहते. तयारी वाढली की हा आकडा वाढवता येतो. नियम मात्र एकच हवा: ज्याला पुन्हा चिप्स घ्यायच्या आहेत, त्याला सुरुवातीइतक्याच मिळतील, जास्त नाही. नाही तर तासाभराने हरलेला माणूस दुप्पट चिप्स मागतो आणि टेबलाची खोली नकळत बदलून जाते.

ज्यांना स्पर्धेच्या रूपात खेळायला आवडते, त्यांच्याकडे हेच काम ब्लाइंड वाढवण्याचा वेग करतो, आणि तिथे थोडे गणित उपयोगी पडते. समजा, आठ जणांना प्रत्येकी शंभर बिग ब्लाइंडइतक्या चिप्स दिल्या. टेबलावर एकूण आठशे बिग ब्लाइंड झाले. सगळ्या चिप्स मिळून साधारण वीस बिग ब्लाइंड उरतात, तिथवर शेवटचे दोघे सहसा निकाल लावतात. म्हणजे ब्लाइंड चाळीसपट व्हायला हवेत. दर वेळी दुप्पट केले, तर पाच-सहा टप्प्यांत ते घडते. वीस मिनिटांचा टप्पा धरल्यास दोन तासांच्या आत सगळे आटोपते आणि शेवटचा पाऊण तास तर निव्वळ छापा-काटा होतो. दर वेळी दीडपट केले, तर नऊ टप्पे लागतात, खेळ तीन तास चालतो आणि उतरंड सावकाश असल्याने मधल्या काळात खेळायला वाव राहतो. वेळ तेवढाच असेल आणि ब्लाइंड अधिक हळू वाढवायचे असतील, तर सुरुवातीच्या चिप्स कमी द्याव्यात. सुरुवातीला ढीगभर चिप्स वाटून नंतर घाईने ब्लाइंड चढवणे, हे घरगुती स्पर्धांमधले नेहमीचे चित्र आहे. त्यात पहिला तास कोणी काहीच पणाला लावत नाही आणि शेवटच्या तासात कोणाला काहीच ठरवता येत नाही.

स्पर्धेची खरी अडचण मात्र वेगळीच आहे. एक जण पहिल्या वीस मिनिटांत बाद होतो आणि पुढचे अडीच तास त्याने काय करायचे, हे कोणी ठरवलेले नसते. सर्वांत आधी बाद होणारा बहुधा नवखा असतो, म्हणजे ज्याला खेळाची गोडी लागावी असे आपल्याला वाटते, तोच प्रेक्षक बनतो. पहिल्या तासात बाद झालेल्याला एकदा पुन्हा प्रवेश देणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. बाद झालेल्यांसाठी शेजारी लहान चिप्सचा वेगळा डाव मांडणे त्याहून चांगले, पण त्यासाठी माणसे जास्त लागतात. बक्षिसाबाबत माझे मत पक्के आहे: सगळी रक्कम एकट्या विजेत्याला देऊ नये. आठ जणांत पहिल्या तिघांना अनुक्रमे पन्नास, तीस आणि वीस टक्के दिले, तर शेवटच्या एका पत्त्यावर सगळी रात्र टांगलेली राहत नाही, आणि तिसरा येणाराही काहीतरी मिळवल्याच्या समाधानाने उठतो.

टेबलाभोवती किती जण आहेत, यानेही प्रमाण बदलते. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हाताविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा टिकते. समोरचे चौघे शेवटपर्यंत आले तर हे प्रमाण ५६ टक्क्यांवर येते आणि आठ जण आले तर ३५ टक्क्यांवर. घरी “बघू तरी काय येते” म्हणून फ्लॉप पाहणारे पुष्कळ असतात, म्हणून जाणकाराचे चांगले पत्ते वारंवार मार खातात आणि तो चिडतो. वास्तविक तिथेही फायदा त्याचाच असतो, कारण ३५ टक्के वेळा जिंकून तो नऊ जणांच्या चिप्स नेतो. फक्त हा फायदा मोठ्या हेलकाव्यांसह येतो. नऊ जणांच्या टेबलावर समंजस माणसाने बहुतेक पत्ते टाकून द्यायचे असतात, आणि ज्याला खेळायला बोलावले आहे त्याला रात्रभर पत्ते टाकायला लावणे हा काही पाहुणचार नव्हे. सहा जण मला आदर्श वाटतात. नऊ-दहा जमले, तर दोन टेबले करावीत.

प्रकारांपैकी ओमाहा थोडक्यात सांगतो. प्रत्येकाला चार पत्ते मिळतात आणि त्यांतले नेमके दोनच वापरावे लागतात. त्यामुळे फ्लॉपच्या आधी कोणीच फार पुढे नसतो, आणि पुष्कळ जण पुष्कळ वेळ आशेवर राहतात. मजेच्या दृष्टीने हे चांगले, पण ओमाहात दुय्यम दर्जाच्या फ्लशवर (एकाच रंगाच्या पाच पत्त्यांवर) सर्वस्व लावणाऱ्या नवख्याची जी अवस्था होते, ती पाहता चिप्स कमी खोल ठेवून पॉट-लिमिटनेच, म्हणजे बोली पॉटमध्ये (मधल्या ढिगात) जमलेल्या रकमेपुरती मर्यादित ठेवून, खेळावे. बोलीची रक्कम ठरलेली असलेला लिमिट प्रकार आता मागे पडला आहे, हे मला पटत नाही. एका चुकीची किंमत तिथे मर्यादित राहते आणि नवा माणूस निर्धास्तपणे शिकतो. नव्या मंडळींची पहिली रात्र मी शक्य तेव्हा लिमिटवरच काढतो.

जोकर किंवा इतर ‘वाइल्ड’ पत्ते घालून खेळणारे आपण नशिबाला वाव देत आहोत, असे समजतात. ते अर्धेच खरे आहे. पाच पत्त्यांच्या खेळात एक जोकर घातला की काय होते, ते पाहण्यासारखे आहे. जोकर नसताना एकूण २५,९८,९६० प्रकारच्या पाच पत्त्यांपैकी दोन जोड्या १,२३,५५२ वेळा येतात आणि तीन सारखे ५४,९१२ वेळा. म्हणून तीन सारखे वरचढ. जोकर आल्यावर मात्र हातातली एक जोडी आणि जोकर मिळून तीन सारखे होतात, आणि ते कोणीही तसेच मोजणार, कारण ते वरचढ आहे. त्यामुळे तीन सारख्यांची संख्या १,३७,२८० वर जाते आणि ती दोन जोड्यांपेक्षा अधिक सुलभ ठरते. मग न्यायाने दोन जोड्यांना वरचे स्थान द्यावे, तर तेच ८२,३६८ हात आता दोन जोड्या म्हणून मोजले जातात आणि दोन जोड्या पुन्हा सुलभ होतात. दुर्मीळ तो वरचढ, हे पोकरचे मूळ तत्त्वच इथे लंगडे पडते, आणि कोणत्याही क्रमाने ते दुरुस्त करता येत नाही. अशा खेळात पत्त्यांची किंमत बदललेली असते, हे ज्याला आधी उमगते, तोच चिप्स गोळा करतो. नवखा मात्र जुन्याच समजुतीने दोन जोड्यांवर बोली लावत राहतो. विचित्र नियम म्हणजे नवख्यावर उपकार, हा गैरसमज आहे. नियम जितका अनोळखी, तितका चटकन हिशेब करणाऱ्याचा फायदा. रात्री एखाददुसरी फेरी गंमत म्हणून ठीक आहे.

रंगत वाढवायची असेल, तर प्रमाणाला धक्का न लावणारे छोटे नियम अधिक उपयोगी पडतात. सत्ती-दुर्रीवर पॉट जिंकून दाखवणाऱ्याला प्रत्येकाने एक बिग ब्लाइंड द्यायचा, हा माझ्या आवडीचा नियम. त्यामुळे एरवी कधीही ब्लफ न करणारी माणसे अचानक धीट होतात आणि एरवी सगळ्यांवर विश्वास ठेवणारी माणसे संशयी होतात, आणि ब्लफ करणे व ओळखणे हे तर कौशल्यच आहे. दोघे ऑल-इन झाल्यावर, म्हणजे त्यांनी सगळ्या चिप्स लावल्यावर, उरलेले पत्ते दोनदा उघडून पॉटचे दोन भाग करण्याची पद्धतही तशीच आहे. तिने कोणाचीही सरासरी संधी बदलत नाही, फक्त हेलकावा कमी होतो. फ्लॉपवर चार बदाम हाताशी असलेल्या माणसाला पाचवा बदाम येण्याची संधी दोन पत्ते उरले असताना सुमारे ३५ टक्के असते, एकच पत्ता उरल्यावर २० टक्क्यांच्या जरा खाली. तो आला किंवा न आला, की एकाची रात्र फुकट जाते. दोनदा उघडल्यावर बऱ्याचदा दोघांनाही काही मिळते. हा पर्याय दोघांची संमती असेल तेव्हाच, आणि पत्ते उघडण्याआधीच विचारायचा.

पैशांविषयी फार बोलायला संकोच वाटतो, पण त्यावाचून हा विषय पुरा होत नाही. रक्कम शून्य ठेवली, तर ब्लफला अर्थ उरत नाही, कारण कॉल करायला काहीच लागत नाही. प्रत्येक जण प्रत्येक पत्ता बघतो आणि कौशल्याचा आधारच निघून जातो. रक्कम मोठी ठेवली, तर मजा संपते आणि मैत्रीत खडा पडतो. म्हणून टेबलावरच्या सर्वांत कमी ऐपतीच्या माणसाला दुसऱ्या दिवशी आठवणारही नाही, इतकी रक्कम मी प्रमाण मानतो. श्रीमंत माणसाला ती क्षुल्लक वाटते, वाटू द्यावी. किती वेळा पुन्हा चिप्स घेता येतील, हे सुरुवातीलाच सांगावे. उधारी ठेवू नये. आणि रात्र चढल्यावर “आता ब्लाइंड दुप्पट करू” असा प्रस्ताव आला, तर तो कोणाकडून आला याकडे लक्ष द्यावे. तो जवळजवळ नेहमी हरत असलेल्या माणसाकडून येतो, आणि बाकीचे सभ्यपणापोटी मान डोलावतात. त्या क्षणी नाही म्हणण्याचे काम यजमानाचे आहे, कारण दुसऱ्या कोणाला ते जमत नाही आणि गमावलेले भरून काढण्याच्या नादात माणूस जे करतो, त्याचा खेळाशी संबंध उरत नाही.

जाणकार खेळाडूंकडून माझी एक अपेक्षा असते, आणि ती मी त्यांना बाजूला घेऊन सांगतो. त्यांनी मुद्दाम हरू नये. ते कोणालाच आवडत नाही आणि लगेच ओळखूही येते. पण दर डावानंतर नवख्याने काय करायला हवे होते, याचे प्रवचन देऊ नये. शिष्टाचार सोडा, ते डावपेच म्हणूनही शहाणपणाचे नाही, कारण ज्याची चूक तुमच्या फायद्याची आहे त्याला ती दाखवून का द्यायची? तो हरलेला असतो तेव्हा ते मीठ चोळण्यासारखे वाटते, आणि तो चुकीचे खेळून जिंकलेला असतो तेव्हा त्याचा आनंद हिरावला जातो. शिकायचे असेल त्याने खेळ संपल्यावर विचारावे आणि मग हवे तेवढे सांगावे. जिंकणारे पत्ते हाती असताना ते मुद्दाम सावकाश उलगडून समोरच्याला खोट्या आशेवर ठेवणे, हे तर मी माझ्या टेबलावर चालू देत नाही. निर्णय घ्यायला वेळ लागला तर लागू द्यावा, पण प्रत्येक डावात पाच मिनिटे डोक्याला हात लावून बसणारा माणूस तासाचे पंचवीस डाव पंधरावर आणतो, आणि बाकीच्यांचे हात आपोआप फोनकडे जातात.

संपण्याची वेळ आम्ही सुरू करतानाच ठरवतो. ती झाली की शेवटची फेरी जाहीर होते: डीलरचे बटण (वाटणाऱ्याची जागा दाखवणारी, दर डावाला पुढे सरकणारी खूण) सध्या ज्याच्याकडे आहे, तिथून पुन्हा त्याच्याकडे येईपर्यंतचे डाव, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक जागा एकदा मिळते आणि ब्लाइंड भरून उठावे लागल्याचा बोल कोणाला लावता येत नाही. “आणखी एकच फेरी” ही विनंती दर वेळी येते आणि दर वेळी नाकारली जाते. मग चिप्स मोजायच्या, बेरीज जुळते का पाहायची, देणे-घेणे त्याच रात्री मिटवायचे आणि पत्त्यांची गड्डी बावन्न आहे ना, हे एकदा तपासून डबीत ठेवायची.